पांढरीवरची बेटं

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, टक्क्यांत माहीत असतो. पावसाळा लागला की सकाळी वर्तमानपत्रात आधी तो आकडा शोधायचा, मग बाकीच्या बातम्या. पानटपरीवर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत कुणी ‘आज किती टक्के?’ असं विचारलं तर ते मुलाच्या निकालाबद्दल नसतं, हे बाहेरून बदलून आलेल्या माणसालाही महिनाभरात कळतं. नाशिकला पाऊस झाला की आम्हाला आनंद होतो, मग स्वतःच्या गल्लीत छत्री उघडायची वेळ आली नसली तरी. आणि इतकं सगळं ज्या पाण्यावर चालतं ते पाणी आमच्यातल्या बहुतेकांनी फक्त काठावरून पाहिलेलं असतं. शाळेच्या सहलीत, ज्ञानेश्वर उद्यानातली कारंजी बघून झाल्यावर, मागून सर ‘चला, चला’ म्हणत असताना. मी त्यातलाच. तीस-बत्तीस वर्षं हे पाणी पीत आलो आणि त्यावर पहिल्यांदा गेलो तो गेल्या माघात, एका मासेमाराच्या होडीतून.

निमित्त एका मित्रानं दिलं. तो बामणोलीहून होडीनं वासोट्याला जाऊन आला होता. कोयना धरणाच्या शिवसागराचे फोटो दाखवत म्हणाला, ‘असलं काही आपल्याकडे नाही बुवा. आपल्याकडे लेणी आणि ऊन.’ मला ते लागलं. शहरापासून पन्नास किलोमीटरवर पंचावन्न किलोमीटर लांबीचा, सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद जलाशय आहे, त्यात तीसेक बेटं आहेत, १९८६ पासून त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, ३४१ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य आहे, असं सगळं मी त्याला सुनावलं. त्यानं शांतपणे विचारलं, ‘तू गेलायस?’

तर आम्ही दोघं गेलो.

पहाटे पैठण रस्त्याला लागलो. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन. शहराच्या नव्या पाणीयोजनेची मोठी जलवाहिनी याच रस्त्यानं येते. अडीच मीटर व्यासाचा पाईप, आत उंच माणसानं उभं राहून हात वर केला तरी टेकणार नाही. आपण पाण्याकडे निघालोय आणि पाणी आपल्याकडे येणार आहे ते याच वाटेनं, असं काहीसं मनात येत राहतं. चढ डोळ्यांना जाणवत नाही, पण शहर धरणाच्या पाण्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचावर आहे. प्रत्येक हंडा पंपानं वर चढवावा लागतो. शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्या नहरींना पंप नव्हता. त्यानं उत्तरेच्या डोंगरांकडचं पाणी उतारानं शहरात खेळवलं. आम्ही दक्षिणेकडून, उताराच्या उलट, वीज जाळून आणतो. हे सहज आठवलं म्हणून सांगितलं. शहर तेव्हा लहान होतं हेही खरं.

पैठणच्या अलीकडे, पिंपळवाडीच्या बाजूनं मुख्य रस्ता सोडला. बेशरमाच्या झुडपांतून कच्ची वाट पाण्यापर्यंत जाते. वनखात्याची परवानगी घेतली होती. हे अभयारण्य आहे, इथं तिकीट काढून फिरायच्या होड्या नाहीत आणि कुणीही उठून पाण्यात शिरावं असंही नाही. काठावर दोन-तीन थर्माकोलचे चप्पू ओढून ठेवलेले होते. चप्पू म्हणजे थर्माकोलचे तुकडे गोणपाटात शिवून केलेला तराफा. एक माणूस त्यावर मांडी घालून बसतो आणि हातातल्या फळीनं पाणी सारत जाळं टाकत जातो. आमच्यासाठी मात्र फायबरची होडी होती. मामा – त्यांना मी पहिल्यापासून मामाच म्हटलं, आणि नाव छापू नका असं त्यांनीच बजावलं – साठीच्या पुढचे, डोक्याला गमछा, अंगात नातवाचा वाटावा असा स्वेटर. सोबत पुतण्या, वल्हं मारायला. होडीला मशीन लावायची सोय होती, पण मशीन काठावरच ठेवलं. ‘मशिनीनं पाखरं उठत्यात,’ मामा म्हणाले. ‘आन् एकदा उठली की दिवसभर बसत न्हाईत. मंग तुमी काय पानी बघाया आले का?’

सूर्य आमच्या पाठीमागे, धरणाच्या भिंतीवरून वर आला. होडीत बसून त्या भिंतीकडे पाहिलं तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. ती संपतच नाही. इकडून तिकडे नजर फिरवली तरी क्षितिजाची कडा म्हणून एक सरळ मातीची रेघ. धरणाची उंची ४१ मीटर आणि लांबी जवळजवळ दहा किलोमीटर. तिकडे कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, पण लांबीला ८०७ मीटर. आणि पाणी? कोयना साधारण १०५ टीएमसी, जायकवाडी १०२.७३. म्हणजे दोघींची घागर सारखीच. कोयनेला ती सह्याद्रीच्या घळीत उभी धरता आली. इथं गोदाकाठची सपाट काळी रानं. उभी कुठं धरणार? परातीत ओतल्यासारखं पाणी पसरलं. साडेतीनशे चौरस किलोमीटरवर ते वाटलं तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते.

नाथसागर समजून घ्यायचा तर ही परात डोक्यात ठेवावी लागते. परातीतलं पाणी उन्हानं लवकर आटतं, म्हणून उन्हाळ्यात इथलं बाष्पीभवन हा दरवर्षीचा बातमीचा विषय. परातीत पाणी हातभर उतरलं की मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो, म्हणून काठच्या शेतकऱ्यांची गाळपेर. आणि परातीचा तळ जिथं थोडा उंच असेल तिथं बेट.

नावाची गंमतही सांगून टाकतो, कारण मित्रानं ती होडीतच विचारली. जायकवाडी नावाचं गाव इथं कुठंच नाही. ते खाली बीड जिल्ह्यात. हैदराबाद संस्थानच्या काळात धरणाची पहिली कल्पना त्या गावाजवळची होती. राज्यांची पुनर्रचना झाली, जागा शंभरेक किलोमीटर वर सरकून पैठणला आली, नाव मात्र कागदांबरोबर तेच आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण. शंकरराव चव्हाणांनी या धरणाचा पाठपुरावा किती चिकाटीनं केला हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही. जे गाव बुडालं नाही त्याचं नाव धरणाला मिळालं. जी बुडाली, शंभरावर, त्यांची नावं आता मतदार यादीत ‘पुनर्वसित’ या शब्दाच्या शेपटीला असतात.

पाऊण तासानं पहिलं बेट दिसू लागलं. आधी नुसती एक फिकी रेघ, मग तिच्यावर चार-दोन बाभळी, मग बाभळींवर काळे ठिपके. पाणकावळे, पंख पसरून वाळत बसलेले. मित्रानं कॅमेरा काढला. ‘केवढं बेट आहे हो!’ मी म्हणालो.

मामांनी वल्हं थांबवायला लावलं. ‘हे बेट न्हाई, पांढर हाय.’

मराठवाड्यात ज्याचं बालपण खेड्यात गेलं त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गोदावरीच्या खोऱ्यातल्या गावाची जमीन दोन रंगांची. शेतं असतात ती काळी. वस्ती असते ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहतात. मातीची घरं पडतात, त्याच मातीवर पुन्हा उभी राहतात. चुलीची राख, शेणकूट, खापरं, चुना यांचे थरावर थर साचतात आणि गाव हळूहळू भोवतालच्या रानापेक्षा पुरुष-दोन पुरुष उंच होतं. त्या पांढऱ्या मातीलाच पांढर म्हणायचं, आणि पांढरीला देवत्वही असतं. शिमग्याला, लग्नकार्यात तिचा मान असतो. पुराचं पाणी काळीत शिरलं तरी पांढरीवर चढू नये, हा त्यामागचा गोदाकाठचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

धरणाचं पाणी त्या हिशेबात नव्हतं. पाणी आलं तेव्हा आधी काळी गेली, मग पांढर. आणि पाणी उतरतं तेव्हा उलट्या क्रमानं आधी पांढर वर येते. भोवती काळीवर अजून पाणी असतं. म्हणून ती लांबून बेटासारखी दिसते.

नाथसागरातली सगळीच बेटं अशी आहेत असं नाही. काही नुसते उंचवटे, काही मुरमाड टेकाडं आहेत. पण मामांनी त्या दिवशी पाच दाखवली, आणि पाचांतल्या तिघांना त्यांनी गावाच्या नावानं हाक मारली. हाक मारली असंच म्हणतो, कारण त्यांचा स्वर तसा होता.

त्यांच्या स्वतःच्या गावाची पांढर दुसरी होती, आणखी पुढे. तिच्याकडे जाताना होडी मधेच नागमोडी वळणं घ्यायला लागली. समोर स्वच्छ, मोकळं पाणी आणि पुतण्या मात्र उजवीकडे, मग डावीकडे, मग थांबून बांबू टेकवून बघ, मग पुढे. मला वाटलं, पोरगं आमची करमणूक करतंय. मामांना विचारलं तर त्यांनी बोट दाखवलं: इथं बाभळीचं बन होतं, बुंधे अजून उभे आहेत, जाळं अडकलं की फाटतं. तिथं बारव होती. तिकडं कुणाच्या तरी मळ्याची मोटेची विहीर, तिच्या थारोळ्याचा दगड पाणी कमी असलं की होडीला लागतो. हा आपण चाललोय तो गाडीरस्ता, बाजाराचा. पाण्याखालच्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो आणि पुतण्या वळणं घेत होता ती बैलगाडीची. या पोरानं तो रस्ता कधीच पाहिलेला नाही. त्याच्या बापानंही लहानपणीच पाहिलेला. पण जाळं कुठं टाकायचं हे शिकता शिकता त्याला सगळं गाव पाठ झालंय.

काठाशी होडी लावली. ‘खाली उतरायचं असंल तर हितंच, कडंनं. वर चढू नका,’ मामा म्हणाले. आणखी महिन्या-दीड महिन्यानं नदी सुरय म्हणजे काळ्या टोपीची ती चपळ पांढरी-करडी पाखरं या उघड्या माथ्यावर जमिनीवरच अंडी घालतात. तेव्हा तर इथं होडी लावतच नाहीत. पाणकाठाच्या चिखलात जोत्याचे दगड एका ओळीत. एक उखळ, तोंडापर्यंत गाळानं भरलेलं. आणि खापरं, पावलागणिक खापरं. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वाटाड्यात ते भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तेव्हा पायाखालचं खापर पन्नास वर्षांपूर्वी फुटलेल्या घागरीचं की त्या काळातलं, हे सांगायला पुरातत्त्वाचा माणूस हवा. मी एक उचललं, अंगठ्यानं पुसलं, काठाला बोटाच्या दोन रेघा होत्या. मामांनी बघितलं. काही बोलले नाहीत. मी ते जिथलं तिथं ठेवलं.

मामांचे वडील गाव उठलं तेव्हा घराची चौकट खांद्यावर घेऊन गेले. मामा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. चौकट नव्या वस्तीतल्या घराला बसली नाही, भिंतीच वेगळ्या मापाच्या. मग ती गोठ्याला लावली. मारुती हलवला. म्हसोबा हलवला नाही, कारण तो हलत नसतो. ‘बुडाला म्हना की,’ मी म्हणालो. मामा हसले. ‘म्हसोबा कशाला बुडंल? त्येच्यावरून पानी जातं.’

मोबदला किती मिळाला, कधी मिळाला हे विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकला आणि विषय माशांवर नेला. मी पुन्हा विचारलं नाही. हे बोलणं शंभरावर गावांत पन्नास वर्षं झालेलं आहे, माझ्या विचारण्यानं त्यात भर पडली नसती.

पक्ष्यांबद्दल लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. डॉ. दिलीप यार्दी यांच्यासारख्या माणसांनी या जलाशयाच्या पाखरांमागे वर्षं घालवली आहेत आणि मी एका दिवसाचा पाहुणा. दोनशेच्या आसपास जाती, त्यांतल्या सत्तरएक बाहेरून येणाऱ्या, हे पुस्तकी. मला जे दिसलं ते असं. तिसऱ्या बेटाच्या आडोशाला पाणी काळं दिसत होतं. मला वाटलं, ढगाची सावली. आभाळात ढग नव्हता. होडी दोनशे हातांवर आली तेव्हा ती सावली कुजबुजायला लागली. वारकरी! काळ्या अंगाचा, कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेला हा पाणपक्षी. त्याला चांदवा असंही म्हणतात, पण पैठणच्या पाण्यावर त्याला वारकरी सोडून दुसरं काही म्हणणं बरं दिसणार नाही. हजारो होते. त्यांच्या कडेनं, थोडी सोवळ्यात राहिल्यासारखी, हळदी-कुंकू बदकं. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. ज्या कुणी ही नावं ठेवली त्यानं शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यांपेक्षा पाखराकडे जास्त वेळ पाहिलं असावं.

चक्रवाकांची जोडी दिसली, विटकरी रंगाची. आपल्या काव्यांत ही जोडी रात्री नदीच्या दोन काठांना ताटातूट होऊन रडते. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’तली गोदावरी, तिथं तिचं नाव गोला, ती हीच. तेव्हा चक्रवाक याच पात्राच्या दोन काठांवर रडले असतील. आता सत्तावीस किलोमीटरच्या पात्रात एकमेकांना ऐकू तरी कसं जाणार? आमच्या समोरची जोडी मात्र एकाच चिखलावर शेजारी शेजारी चरत होती. तिची काही तक्रार दिसली नाही.

पुतण्यानं पट्टकादंब दाखवले. राखी हंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. ‘ह्येंला काय खायाला मिळतं तिकडून हितं येऊन?’ पुतण्यानं मला विचारलं. मी गवत, कोवळी पिकं असं काही पुस्तकी सांगितलं. ‘हरभरा,’ तो म्हणाला. ‘आमचा.’ कांड्या करकोचेही तेच करतात. रात्री बेटांवर, उथळ पाण्यात मुक्काम आणि सकाळी गाळपेरीच्या हरभऱ्यात न्याहारी. शेतकरी डबे वाजवतो, ते उठून शेजाऱ्याच्या रानात बसतात.

रोहित दिसले नाहीत. गुलाबी पंखांचे रोहित पाहायचे म्हणून मित्रानं मोठी लेन्स उधार आणली होती. तो हिरमुसला. मामांनी समजूत घातली, ‘अवंदा पानी लई हाय. उतरू द्या, मंग येत्याल.’ रोहितांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. जलाशय भरलेला असला की त्यांना चरायला जागा नसते. आम्ही शहरात ज्या दिवशी पेढे वाटतो त्या दिवशी या पाखरांचं ताट उचललेलं असतं. आमचे टक्के आणि त्यांचे टक्के उलटे चालतात. सुरयीचं गणित तर याहून अवघड. तिला बेट उघडं हवं, पण भोवती पाणीही हवं. पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि पहिल्याच रात्री कुत्री चालत येऊन अंडी खातात. राखण करणारं भोवतालचं पाणीच.

मामा टक्के बेटांवरून सांगतात. एका पांढरीचा माथा दिसला की इतकं, दुसरीच्या बाभळीचा बुंधा दिसला की तितकं, अमक्या देवळाचं जोतं दिसलं की पाणी मृतसाठ्याकडे निघालं. मी त्यांना जलाशयाची पूर्ण पातळी १५२२ फूट असते हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘सायेबलोक फुटात मोजत्यात.’

दुपारी एका उथळ जागी बांबू रोवून होडी बांधली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आणि मामीनं दिलेलं चिलापीचं कालवण, स्टीलच्या डब्यात. चिलापी हा बाहेरून आलेला मासा. कटला, रोहू, मृगळ यांच्याइतका मान नाही, पण हल्ली जाळ्यात तोच जास्त. वाम, मरळ मिळाली तर थेट हॉटेलवाल्याकडे जाते, घरी शिजत नाही. जेवताना मित्रानं पाण्याकडे बघत विचारलं, ‘मामा, हेच पाणी प्यायचं?’ मामांनी ओंजळ भरून पिऊन दाखवलं. आम्ही बाटलीतलं प्यालो. बाटलीतलंही बहुधा याच पाण्याचं, नळ आणि फिल्टर फिरून आलेलं.

या जलाशयाला नाथांचं नाव दिलं, ते ज्यानं सुचवलं असेल त्याला मानलं पाहिजे. एकनाथांच्या चरित्रात पाणी किती आहे! काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. त्यांच्या घरी श्रीखंड्या होऊन राहिलेला देव कावडीनं रांजण भरायचा. पैठणच्या वाड्यातला तो रांजण आजही नाथषष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून लोक भरतात. आणि शेवटी १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, त्यांनी गोदावरीतच जलसमाधी घेतली. षष्ठीला येणाऱ्या दिंड्यांना हल्ली नदीत स्नान घडतं ते धरणातून पाणी सोडलं तर.

कावडीची गोष्ट सरकारी भाषेतही लिहिलेली आहे. तिथं तिला ‘समन्यायी पाणीवाटप’ म्हणतात. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडावं, असा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आहे. मग दर टंचाईच्या वर्षी मोर्चे, न्यायालय, कालव्यावर पोलीस. वरच्यांचं म्हणणं, आमचा ऊस वाळतो. खालच्यांचं म्हणणं, आमचा घसा. मी खालचा आहे, तेव्हा माझं मत कुठल्या बाजूचं असणार हे उघड आहे. पण होडीतून परातीचा दुसरा काठही दिसला. पाण्याच्या कडेकडेनं मोटारींचे पाईप पाण्यात सोंड घातल्यासारखे उभे, आणि त्यांच्यामागे लांबवर हिरवागार ऊस. आमच्या बाजूचा. खालच्याचा घसा म्हणताना हा ऊस कुणी मोजत नाही.

परतताना बोलणं भविष्यावर आलं. जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प उभारायचं ठरलं आहे. पैठणच्या कहार समाजाच्या पंच कमिटीनं त्याला आव्हान दिलं. राष्ट्रीय हरित लवादानं २०२४ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही लवादाच्या निकालात हात घालायला नकार दिला. विजेची गरज खरी आहे. झाकलेलं पाणी कमी आटेल, हेही खरं. मामांना मी हे दोन्ही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आधी रान गेलं, म्हनले पान्यावर जगा. जगलो. आता पानी बी झाकायचं म्हनत्यात. कुठं बसवनार, तेवढं तर आमाला दाखवा. ह्या पोरानं जाळं कुठं टाकायचं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनीही उत्तरासाठी विचारलं नव्हतं.

दुसरी टूम अधूनमधून निघते ती नौकाविहाराची. नाथसागरात वेगवान बोटी, तरंगती हॉटेलं, बेटांवर तंबू. माझं मत विचाराल तर, एक दिवस फिरून आलेल्या माणसाचं मत जेवढ्या वजनाचं असतं तेवढ्याच वजनाचं घ्या, हे करू नये. लोकांनी या पाण्यावर यावं, जरूर यावं. आपण काय पितो आणि ते कशावरून वाहतं, हे शहरानं एकदा बघायलाच हवं. पण ते वल्ह्याच्या होडीनं, मोजक्या होड्यांनी, ठरलेल्या वाटेनं, विणीचे महिने सोडून, आणि वल्हं या काठच्या पोरांच्या हातात असावं. पाण्याखालची बारव कुठं आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं इथं होडी हाकू नये. पक्ष्यांसाठी तर नाहीच, बसणाऱ्यांच्या जिवासाठीसुद्धा नाही.

त्या जिवाचा प्रत्यय चारच्या सुमारास आला. वारा समोरून उठला. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी बघता बघता वितीवितीनं उसळायला लागलं. इतक्या पसरट पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नाही. तो दहा-पंधरा किलोमीटर धावत येतो आणि लाटेला चढवत आणतो. होडीत पाणी यायला लागलं. मित्रानं कॅमेरा जॅकेटच्या आत घेतला, मी लाईफ जॅकेटचा बंद पुन्हा आवळला, पुतण्याचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. मामांनी होडी सरळ काठाकडे न नेता आडवी काढली, एका पांढरीच्या आडोशाला. तिथं लाट मोडत होती. वारा पडेपर्यंत तासभर आम्ही तिथं थांबलो. बुडालेल्या एका गावानं आम्हाला आसरा दिला असं लिहायचा मोह होतो. मामा त्या वेळी बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते आणि काडी विझत होती.

उशिरा, ऊन तिरपं झाल्यावर निघालो. धरणाची मातीची रेघ पुन्हा समोर आली आणि तिच्या अलीकडे पाण्यात उभं असलेलं काँक्रीटचं बांधकाम. आमच्या शहराची जॅकवेल. इथून पाणी उपसलं जाणार, नक्षत्रवाडीला चढणार, टाक्यांत जाणार, मग गल्लीत. तिच्या जवळून जाताना मित्रानं उगाच हात हलवला.

काठावर मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक कटला दिला, दीडेक किलोचा. पैसे घेतले नाहीत, होडीचेच घेतले. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. आमच्या गल्लीत पाणी येऊन सात दिवस झाले होते आणि आठव्या दिवशीही ते आलेलं नव्हतं. मासा धुवायला ड्रम तिरका करून तळातलं पाणी काढावं लागलं.

तेही तिथलंच.